भोंग्याच्या घोरण्याची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्याशी मान वर करून बोलावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही. तरी सांगतो, कारण सांगितल्यावाचून मनावरचं ओझं उतरत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी आलो. बाईंची एक पद्धत होती. प्रत्येक शिष्येचा एकच पाठ त्या दरवर्षी माझ्यात भरून ठेवायच्या आणि मग जुनं-नवं एकापाठोपाठ एक ऐकायच्या. "बघ, इथं तुझा श्वास तुटतोय," असं म्हणत नेमकं बटण दाबायच्या. "माणूस तोंडावर गोड बोलेल, हा मात्र खोटं बोलत नाही," असं माझं कौतुक करायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. बाईंनी मुद्दाम मागून आणलं होतं, "सगळ्यात चपट्या नाकाचं द्या," म्हणून. नाक कसलं, दोन बारीक चिरा, असं सगळे म्हणायचे! ते झोपलं की असं घोरायचं की भिंतीवरची तसबीर हलेल. बाईंच्या धाकट्या दिरांनी त्याचं नाव ठेवलं भोंगा.

एके दुपारी बाईंनी गंमत म्हणून ते घोरणं माझ्यात भरलं. मग दरवर्षी भरलं, शिष्येचा पाठ भरावा तसं. पाहुणे आले की दीर हमखास म्हणायचे, "वहिनी, लावा की तुमच्या पट्टशिष्याचं गाणं!" मी वाजायचो. घर पोट धरून हसायचं. पुढे पुढे तर ते हसणंही त्याच कॅसेटमध्ये भरलं गेलं.

मित्रांनो, तो आवाज माझ्याइतका जवळून कुणीच ऐकला नसेल. शंभरदा तरी वाजवला असेल मी. त्यात एक जीव हवेसाठी झगडतो आहे, हे मला एकदाही उमगलं नाही.

तिसऱ्या वर्षी, भर उन्हाळ्यात, दीर भोंग्याला फिरवून आणायला गेले. कोपऱ्यावरूनच धावत परतले.

"वहिनी, पाणी आणा! याची जीभ निळी पडलीय!"

मला दिसत काही नाही, ऐकू येतं. बादली आपटली, पंखा सुरू झाला, बाई पुटपुटत देवाचा धावा करू लागल्या. त्या सगळ्यामागे तोच आवाज होता, माझ्या ओळखीचा. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं.

भोंगा थोडा सावरल्यावर त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं म्हणे, "हा आवाज पहिल्यापासून असाच आहे, की वाढलाय?"

बाईंना सांगता येईना. दीर हळूच म्हणाले, "कॅसेट आहे आपल्याकडे." ते घरी येऊन मला घेऊन गेले.

तपासायच्या टेबलावर, धापा टाकणाऱ्या भोंग्याच्या शेजारी मला ठेवलं. बाईंनी बटण दाबलं. आधी पहिल्या वर्षीचं घोरणं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि त्यामागोमाग, त्या शांत खोलीत, माझ्यातून आमच्या घराचं हसणं बाहेर पडलं. मोठ्यानं, खदाखदा. मला थांबता येईना. बाईंचा हात बटणापर्यंत पोचायला फार वेळ लागला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "हे घोरणं नव्हे, बाई," त्या म्हणाल्या. "नाकपुड्या अरुंद, घशातला पडदा लांब. दर श्वास याला ओढून घ्यावा लागतो. आणि ही ओढ दरवर्षी वाढलीय."

बाई म्हणाल्या, "माझ्या पोरींचा एवढासा श्वास चुकला तर मी गाणं थांबवते हो. आणि हा..."

भोंग्याची शस्त्रक्रिया झाली. नाकपुड्या मोठ्या केल्या, घशातला पडदा थोडा कापला. "श्वास सुधारेल, पण चेहरा बदलत नाही. उन्हापासून, लठ्ठपणापासून जन्मभर जपा. आणि कुणी चपट्या नाकाचं पिल्लू मागायला निघालं, तर ही कॅसेट ऐकवा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

परवा दीर म्हणाले, "वहिनी, ती कॅसेट पुसून टाकू या का?"

"नको, भाऊजी. चूक आपली आहे, ती राहू दे," बाई म्हणाल्या.

आता बाईंचा एक नेम आहे. नवी शिष्या आली की पहिल्या दिवशी गाणं नाही. आधी ती जुनी कॅसेट लावतात. पोर हसते; पहिल्यांदा ऐकणारं कुणीही हसतं. बाई तिला हसू देतात. मग "आता तोच जीव, श्वास मोकळा झाल्यावर," म्हणत दुसरी कॅसेट लावतात, झोपलेल्या भोंग्याची, शस्त्रक्रियेनंतरची. तिच्यात जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पोर कान देते, आणि तिचं हसू आपोआप ओसरतं.

मित्रांनो, मुक्या जिवाच्या आवाजावर हसू आलं, तर क्षणभर थांबा आणि पुन्हा ऐका. मी यंत्र आहे. कुणी बटण दाबेपर्यंत मला थांबता येत नाही. तुम्हाला येतं.