धैर्यशीलच्या भिंतीवरचे वकील

आमच्या धैर्यशीलला माणसाची किंमत नाही. सख्ख्या आत्याला विट्याहून कराडला ऑफिसात बोलावलं, आणि स्वतः तासभर फोन कानाला लावून बाहेर हिंडत राहिला. भावाचं पोरगं वकील झालं म्हणून आत्यानं काय खुर्चीत वाळत पडायचं?

मला बसवेना. उठले आणि भिंतीवरची चित्रं बघत फिरू लागले. सगळे काळ्या झग्यातले. एकाचं पोट पुढं, एकाचं नाक. एक जण छातीवर हात ठेवून रडतोय आणि शेजारच्याला डोळा मारतोय. पुढच्या चित्रात एक जण म्हातारीला कागद वाचून दाखवतोय. नजर मात्र कागदावर नाही, म्हातारीच्या तोंडावर.

"ही कोण गं सोंगं?" मी त्याच्या हाताखालच्या अंकिता वकिलीणबाईला विचारलं.

"फ्रान्सचे वकील, आजी. दीडशे वर्सांमागं तिकडं त्यांची अशी टिंगल छापायचे. सायबांनी हौसेनं लावल्यात. पक्षकार हसत्यात."

"मला न्हाई हसू आलं."

तेवढ्यात धैर्यशील आला. "आवं आत्या, बसा की! आजोबांच्या मळ्याला वारसांची नावं लावायचीत. तुमचंबी लागंल. इथं सही करा."

"आधी वाच."

तो भडाभडा वाचू लागला. मी त्याच्याकडंच बघत होते. त्याची नजर माझ्या तोंडावरून हलेना. कागद दोन पानी, पण पान उलटायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

"थांब. अंकिता, तू वाच."

पोरीनं आधी साहेबाकडं बघितलं, मग कागदाकडं. "हक्कसोडपत्र," ती हळूच म्हणाली. "मी, चंद्राबाई, वडिलांच्या मळ्यातला माझा सगळा हिस्सा भाऊ बाळासो यांना राजीखुशीनं सोडून देते..."

आमच्याकडं बहिणी हक्क सोडतात. पण भाऊ दारात येतो, साडीचोळी पुढं ठेवतो, स्वतःच्या तोंडानं मागतो. मग बहीण सोडते.

"तात्याच म्हनले," धैर्यशील बापाचं नाव पुढं करत चाचरला. "तुमी चिडशीला म्हणून..."

मी पेनाला टोपण घातलं.

"धैर्या, तुझ्या बापानं माझ्या दारात येऊन नुसतं 'आक्के, सोड' म्हटलं असतं, तर मी न वाचता सही केली असती. आता मळ्याची मोजणी आणायची, आनि माझा वाटा दगड रोवून मला द्यायचा. वकील तू असशील लय मोठा. भाचा म्हणून आजपास्नं तू मला न्हाईस."