सिस्टरची सूट

"आई, कार्ड आत ठेव गं. इतक्यात नाही."

प्राचीने टेबलाखालीच आईचा हात दाबला. कलावतीने रुग्णालयाचं ओळखपत्र पुन्हा पर्समध्ये सरकवलं. शीळफाट्याच्या त्या शोरूममध्ये समोर बसलेला सेल्समन विनीत कॅल्क्युलेटर बडवत होता.

ठाण्याच्या त्या रुग्णालयाचा गाडीच्या कंपनीशी करार होता. कर्मचाऱ्यांना वेगळी सूट. पण कार्ड आधी दिसलं, तर डीलर तीच सूट पुढे करून स्वतःची गिळणार. म्हणून लेकीचा बेत: आधी डीलरकडून जेवढं सुटेल तेवढं सोडवायचं, लिहून घ्यायचं. कार्ड मग.

विमा.

"बाहेरून काढणार," प्राची म्हणाली.

हँडलिंग चार्जेस.

"हे कसले?"

"मॅडम, यार्डातून गाडी इथे आणायची..."

"नका आणू. आम्ही यार्डातून नेतो."

विनीतने आकडा खोडला. "काय मॅडम, आमचं दुकान बंद करणार तुम्ही."

मॅट फुकट. सीट कव्हर फुकट. खाली विनीतची सही.

आता कार्ड.

विनीतचा चेहरा पडला. "हे आधी सांगायचं ना, ताई."

"का? ही सूट कंपनी देते. तुमच्या खिशातून कुठे जाते?" प्राची म्हणाली.

"तसं नाही... व्हेरिफाय करायला लागतं."

त्याने रुग्णालयाच्या एचआरला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे मुकुल. आवाज कलावतीने लगेच ओळखला.

"कलावती? हां. त्या आमच्याकडे आहेत, पण आमच्या नाहीत. कंत्राटी, एजन्सीच्या."

एजन्सीच्या. ऑपरेशन थिएटरमध्ये केस पिकले, ते एजन्सीचे. करोनात घरी न जाता वॉर्डातच झोपली, ती एजन्सीची. आणि एजन्सीच्या कागदांवरच्या सह्या? याच मुकुलने सगळ्या सिस्टरांना रांगेत उभं करून घेतल्या होत्या. फक्त कागदावर बदल आहे, सिस्टर. ड्युटी तीच, युनिफॉर्म तोच.

"मुकुल, मी कलावती बोलतेय."

"सिस्टर, तुम्ही? अहो, मी ओळखतो हो तुम्हाला. सिस्टम ओळखत नाही."

"तुझ्या बायकोचं सिझर झालं तेव्हा डॉक्टरांनी बाळ माझ्या हातात दिलं. तेव्हा कुठे होती सिस्टम?"

"सिस्टर, माझ्या हातात काय आहे..."

"सह्या घेणं होतं ना तुझ्या हातात."

फोन विनीतचा होता. बंद तिने केला.

विनीत पुढे झुकला. "ताई, एक मार्ग आहे. कुणा पर्मनंट डॉक्टरच्या नावावर बुक करा. नंतर तुमच्या नावावर करून घ्या. सगळे करतात."

"आई, तुमच्या थिएटरचे अद्वय डॉक्टर पर्मनंट आहेत, ते नकार नाही देणार," प्राची म्हणाली. "एवढी घासाघीस केली आपण. चांगले पैसे वाचतील."

"नाही देणार नकार. माहितेय मला."

"मग?"

"गाडी माझ्या नावावर."

"अगं, पण—"

"प्राची. माझ्या नावावर. सुटलं तेवढं सुटलं."

विनीतने लिहायला घेतलं. "नोकरी?"

"नर्स."

"कुठल्या रुग्णालयात लिहू?"

"नर्स म्हटलं ना."

कागद तयार होईपर्यंत ती उठली आणि समोर ठेवलेल्या गाडीत जाऊन बसली. सीट कुणा उंच माणसासाठी मागे लोटलेली होती. पाय क्लचला पोचेनात. खाली हात घालून तिने दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली.

"ताई, ती डिस्प्लेची आहे," विनीत लांबून म्हणाला.

"असू दे."

दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती काचेपलीकडच्या रस्त्याकडे पाहत बसून राहिली.