तुकाबाईच्या बादलीतलं फडकं

मित्रांनो, नाक धरा आणि मगच पुढे वाचा. मी फरशी पुसायचं एक जुनं फडकं आहे. माझा मूळ रंग पांढरा होता, हे सांगून आता कुणाला खरं वाटत नाही.

ओतूरच्या बाजारात हस्तीमलशेठच्या दुकानात मी कोरी चादर होते. बाळंतपणाच्या एका दवाखान्यानं मला विकत घेतलं. नवजात बाळं माझ्यावर निजली, म्हणून मी फार मिरवले. पुढे मी विरले, फाटले आणि माझा एक तुकडा बादलीत पडला. तोच मी.

मला हाताळायची तुकाबाई. तिचं माहेर आणे गावच्या पठारावर, भावाकडे अजून मेंढरं आहेत. दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. ती दिवसातून तीनदा पुसायची. आधी संडास, मग मोरी, मग बाळंतिणींची खोली. बादली एक, पाणी एक आणि फडकंही मी एकटंच. पाणी काळं व्हायचं, त्यावर केस तरंगायचे, आणि त्याच पाण्यात पिळून ती मला पुन्हा फिरवायची. भेटायला आलेले लोक मात्र फिनेलचा वास घेऊन म्हणायचे, "लई स्वच्छ दवाखाना हाय राव." काम संपलं की मी बादलीतच कुजत पडायचे. शी!

एका महिन्यात तीन बायकांच्या टाक्यांत पू झाला. मॅनेजर बाळासाहेबांनी तुकाबाईला सगळ्यांसमोर बोलावलं.

"एवढं फिनेल देतो, तरी पू होतो. म्हणजे मावशी, तुम्ही पुसतच नाही. सोमवारपासून येऊ नका."

"रोज तीनदा पुसते, सायेब," तुकाबाई म्हणाली. "दुसरं फडकं लई येळा मागितलं व्हतं. तुमीच नाय म्हनला. आता घरी काय सांगू, माज्या हातानं बायांना पू झाला म्हनून?"

काम जाणार होतंच, वर हा डाग लागणार होता. मला माझीच किळस आली.

तेव्हा स्नेहल सिस्टर पुढे आल्या. "काढायचं तर पुरावा पाहून काढा," त्या म्हणाल्या. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना एक मलम मिळालं होतं. ते उजेडात दिसत नाही, पण नकली नोटा ओळखायच्या निळ्या दिव्याखाली चमकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पलंगाच्या दांड्याला, दिव्याच्या बटणाला, नळाच्या तोटीला आणि संडासाच्या फरशीला लावलं. तुकाबाईला काही सांगितलं नाही. तिनं रोजच्यासारखं पुसलं. मग सिस्टरांनी हस्तीमलशेठकडून दिवा मागून आणला आणि बाळासाहेबांना बोलावून भर दुपारी पडदे ओढले.

दांडा, बटण, तोटी, सगळीकडचे ठिपके जसेच्या तसे होते. तिथं पुसा असं तुकाबाईला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि संडासापासून एक चमकती रेघ निघून थेट बाळांच्या पाळण्यापर्यंत गेली होती. ती मी ओढली होती.

"टाके कशानं चिघळले, ते हा दिवा सांगत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण घाण कशी हिंडते, ते सांगतो."

तुकाबाई रेघेकडे बघत राहिली. "मेंढराला खरूज झाली तर आमी त्ये येगळं बांधतो, त्येचं पानी बी येगळं ठेवतो. हितं बाळंतिनीला आन् संडासाला एकच फडकं."

बाळासाहेब खाली बघत म्हणाले, "सोमवारी कामावर या, मावशी. फडकी आणून देतो." मग त्यांनी मला चिमटीत उचललं. "हे अजून चांगलं आहे. चहाच्या टेबलाला होईल."

तुकाबाईनं मला त्यांच्या हातातून घेतलं, टरकन फाडलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखं कुणी कुजत असेल तर त्याला आधी बाहेर काढा. संडासाचं फडकं वेगळं ठेवा, पाणी बदला, फडकी धुऊन कडक उन्हात वाळवा. रोज हात लागतात त्या कड्या आणि तोट्या पुसा. आणि वासावर विश्वास ठेवू नका.

सोमवारी तुकाबाई तीन रंगांची तीन फडकी घेऊन माझ्या डब्याजवळून गेली. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं.