काच कशावर कापावी

जुन्या सना शहरात एखादं काम होऊ द्यायचं नसेल, तर ते दुपारच्या बैठकीत ठरवायला घ्यावं. मुतह्हरच्या घरी अकरा दिवस तेच चाललं होतं. रंगीत काच कापायला नवी फळी कशाची करावी, एवढाच काय तो प्रश्न. पण घराच्या सगळ्यात वरच्या खोलीत रोज सात पुरुष लोडांना टेकून, गालात गातची, म्हणजे चघळून तरतरी आणणारी, हिरवी पानं भरून, त्यावर अशी चर्चा करत होते की जणू दोन देशांची हद्द आखायची आहे.

मुतह्हरची बायको वर्दा रोज दुपारी पाण्याच्या बाटल्या आणि कॉफीच्या सालींचा गरम किश्र घेऊन जिना चढायची, ते बंद दाराबाहेर ठेवायची, दारावर दोनदा बोटं वाजवायची आणि परत फिरायची. परत फिरता फिरता जे कानावर पडायचं, त्याने तिचा जीव अर्धा व्हायचा.

कारण हाजी नाजीच्या दहा खिडक्या खाली तशाच पडून होत्या. नाजीने मुलाच्या लग्नासाठी घरावर एक मजला चढवला होता आणि त्याला दहा अर्धगोल रंगीत खिडक्या हव्या होत्या, ईदच्या आधी. वर्दाने जिप्समचे दहा अर्धगोल ओतले होते, ओले असतानाच सुरीने त्यांत वेली आणि तारे कोरले होते. आता फक्त त्या भोकांच्या मापाने काचा कापून मागून बसवायच्या होत्या. काच कापणं हे मुतह्हरचं काम. आणि नाजीने निरोप धाडला होता: गुरुवारपर्यंत एकही काच बसलेली दिसली नाही तर काम बाब अल-यमन वेशीजवळच्या त्या प्लास्टिकवाल्याला देईन. तो प्लास्टिकवाला रंगीत कागद काचेवर चिकटवतो आणि कारागीर म्हणून मिरवतो. वर्दाच्या बापाने, उस्ता मुसइदने, उभा केलेला कारखाना त्या चिकटवणाऱ्याकडून हरणार, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

झालं होतं ते असं. बापाची बाभळीची जुनी फळी छतावरची टाकी गळून भिजली, फुगली आणि मधोमध तडकली. त्याच आठवड्यात मुतह्हरच्या हातून लाल काचेचे दोन तुकडे वेडेवाकडे फुटले. त्याने काच कापायचा कटर खाली ठेवला आणि जाहीर केलं की फळी गेली, आता नीट विचार करून नवी निवडल्याशिवाय काचेला हात लावणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वर्दानेच त्याला झापलं असतं. मुतह्हरला नाचता येत होतं. तीस वर्षं त्याने काच अशी कापली होती की बघणाऱ्याला वाटावं, ती आधीच तिथे फुटायची ठरली होती.

मग विचार सुरू झाला, आणि विचार करायचा तर मंडळी हवीत.

औषधाचं दुकान चालवणाऱ्या अब्दुलखालिकचं मत पडलं संगमरवराला. त्याच्या दुकानाचा गल्ला संगमरवरी होता आणि बारा वर्षांत त्यावर एकही ओरखडा नव्हता. तिथे काच कधी कापली गेली नव्हती, ही गोष्ट त्याला किरकोळ वाटली. निवृत्त कर्नल हिझामला लोखंडी पत्रा हवा होता, कारण लष्करात सगळं पत्र्यावरच चालतं. तिसरा लुत्फ, न्यायालयातला कारकून. त्याचं म्हणणं, जाड काचेवरच काच कापावी, म्हणजे दोघींचा स्वभाव एक. हे वाक्य मंडळींना इतकं आवडलं की त्या दिवशी पुढे फळीवर चर्चाच झाली नाही.

वर्दा खाली कपाळाला हात लावून बसायची. संगमरवरावर काचेचा एक कण राहिला तरी वरची अख्खी काच त्या कणावर दुभंगते. पत्र्यावर काच सरकते. काचेवर काच कापायला गेलं तर दोन्ही जातात. हे सगळं तिला सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं, कारण बाप कापायचा आणि ती काच धरायची. बापाने टाकून दिलेल्या तुकड्यांवर रेघा मारायची. काचेखाली सपाट हवं, सपाटावर थोडं मऊ हवं, आणि चुरा झटकून टाकता आला पाहिजे. तीन गोष्टी. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि बंद दारातून ओरडून सांगण्याची रीत नव्हती.

बैठकीचा क्रम रोजचा ठरलेला. पहिल्या तासात थट्टामस्करी. दुसऱ्या तासात गात चढायची आणि माणसं कर्तबगार व्हायची. तेव्हा संगमरवर मागवला जायचा, सुताराला निरोप जायचा, नाजीच्या दहा खिडक्या तर सोडाच, अख्ख्या शहराच्या खिडक्या मुतह्हरकडेच येणार हे ठरायचं. तिसऱ्या तासाला सूर्य कलला की सगळे गप्प. मग ज्याचा त्याचा चेहरा उतरायचा, शाली सावरून माणसं जिना उतरायची, आणि संगमरवर जिथल्या तिथे. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि किश्र तेवढा खरा, तोही वर्दाच्या चुलीवरचा.

बुधवारी सकाळी मुतह्हर नेहमीप्रमाणे गात विकत घ्यायला बाजारात गेला. हे काम तो कुणावर सोपवत नसे. एकेक जुडी उलटीपालटी करून, देठ वाकवून, उन्हात धरून, तास-दीड तास तो निवड करायचा, आणि त्याची निवड कधी चुकायची नाही. ज्या माणसाला पाल्याची पारख तासाभरात होते त्याला फळीची अकरा दिवसांत होत नाही, याचा वर्दाला त्या सकाळी असा संताप आला की ती स्वतःच फळी शोधायला उठली.

आधी तिने भाकरीचा पाट काढला, मधे खोलगट. मोठं तबक पालथं घातलं, ठणठणायला लागलं. कपड्यांच्या पेटीचं झाकण नक्षीदार. मग ती वर चढली आणि बैठकीच्या खोलीसमोर उभी राहिली. तिथलं जुनं नक्षीचं दार वाळवीने खाल्लं तेव्हा मुतह्हरने स्वस्तातलं सपाट, भरीव प्लायचं दार बसवलं होतं, आणि त्या कुरूप दारावरून तिने त्याला तीन वर्षं टोमणे मारले होते. तिने त्यावर पट्टी आडवी धरली, उभी धरली. पट्टीखालून केस सरकला नसता.

शेजारच्या हूरियाला हाक मारून तिने बिजागऱ्यांचे खिळे काढले. हूरियाने विचारलं की दुपारी पुरुष आले तर काय करायचं. वर्दा म्हणाली, एका दगडात दोन पक्षी पडत असतील तर आपण दगडाला का अडवावं. दोघींनी दार मधल्या मजल्यावर आणलं, चार खोक्यांवर आडवं टाकलं, त्यावर झिजून पातळ झालेलं लोकरी कांबळं ताणून कडेने ठोकलं. वर्दाने कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवलं. पहिली काच वाकडी फुटली. दुसऱ्या वेळी तिने श्वास धरला आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता नेली. खालून एक टिचकी दिली, आणि काच रेघेवरच सुटली. तिला इतका आनंद झाला की तिने हूरियाचा गालगुच्चा घेतला.

दुपारी जिन्यात “अल्लाह, अल्लाह” असा पुकारा झाला. पुरुष चढताहेत, बायकांनी बाजूला व्हावं, याची ती वर्दी. सातही जण वर पोचले आणि थबकले. खोलीला दार नव्हतं. समोरच छताकडे जाणारा जिना, त्यावरून बायकांची ये-जा, आणि उघड्या चौकटीतून सगळंच दिसणार. अशा जागी बसायचं म्हणजे यजमानाच्या घराची अब्रू काढायची. कर्नल हिझाम, ज्याने म्हणे दोन लढाया पाहिल्या होत्या, स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला की आज त्याला जरा काम आहे. बाकी सहांनाही एकाएकी कामं आठवली.

मुतह्हर लाल होऊन मधल्या मजल्यावर आला. हूरिया ओढणी सावरून निघून गेली.

“ते माझ्या बैठकीचं दार होतं.”

“होतं,” वर्दा म्हणाली. “आता सपाट आहे, मऊ आहे, चुरा झटकता येतो. या, घ्या कटर. अजून काही उणं असेल तर सांगा.”

त्याने कटर घेतला. घ्यावाच लागला. हिरव्या काचेवर चाक टेकवलं आणि ते काचेवर टकटक वाजायला लागलं. वर्दाला आधी वाटलं, रागाने. मग तिने रेघ पाहिली. मुंगीच्या वाटेसारखी होती ती. मुतह्हरने कटर खाली ठेवला, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि कांबळ्याकडे बघत राहिला.

“फळी मिळाली असती, तर कापावं लागलं असतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“गेल्या ईदपासून. आधी थोडं होतं.”

वर्दाला दया यायला हवी होती. ती आली, पण नंतर. आधी आला तो राग. “अकरा दिवस मी त्या सात जणांचा किश्र उकळतेय. माझ्याशी दोन शब्द बोलावे लागू नयेत म्हणून तुम्ही अख्खी गल्ली कामाला लावलीत?”

“तुझ्या बापाने माझं घर पाहिलं नव्हतं, कुळ पाहिलं नव्हतं,” मुतह्हर हळूच म्हणाला. “हात पाहिला होता, आणि मुलगी दिली.”

खरं होतं ते. लग्न ठरलं त्या दिवशी बापाने याच्यासमोर निळी काच ठेवली होती आणि आत येऊन आईला सांगितलं होतं की पोराचा हात पाहिला, बाकी मला काही बघायचं नाही.

“दिली त्यांनी,” ती म्हणाली. “तीस वर्षं राहिले ती मी माझ्या मर्जीने.”

गुरुवारी नाजीचा माणूस येऊन गेला तेव्हा पहिल्या खिडकीत सतरा काचा बसल्या होत्या. त्याने मोजल्या नाहीत, नुसती मान डोलावून गेला. दुपारी जिन्यात पुन्हा “अल्लाह, अल्लाह” झालं. दार दुरुस्त होऊन आलं असेल, या आशेने मंडळी आली होती. मुतह्हर उठला आणि जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. वर्दाने कटर उचलून धरला, पण रेघ मारली नाही.

“आज बैठक नाही,” तो खाली बघून म्हणाला. “उद्याही नाही.”

हिझामने खालून विचारलं की फळीचं काही ठरलं का, कारण पत्र्याचा भाव त्याने काढून ठेवला होता.

“फळीला काही झालं नसतं तरी मला कापता आलं नसतं. माझा हात थरथरतो, हिझाम. गेल्या ईदपासून. काचा घरातून कापल्या जाताहेत, आणि सरळ कापल्या जाताहेत.”

या घराला मुलगा नव्हता. मुलगी लग्न होऊन ताइझला गेली होती. घरातून म्हणजे कुणाकडून, हे जिन्यातल्या सातही जणांना कळलं. मग अब्दुलखालिकचा आवाज आला की थरथर ही पोटातल्या गारव्याने येते. लुत्फ म्हणाला, छे, ती रक्ताच्या उष्णतेने. हिझामला लष्करातला एक उपाय ठाऊक होता. बोलत बोलत सगळे उतरले आणि गात वाया जाऊ नये म्हणून औषधवाल्याच्या घरी गेले. तिथे पुढे चार दिवस मुतह्हरचा हात बरा करण्याचं काम चाललं असं हूरियाने सांगितलं, आणि हात तर इथे होता.

मुतह्हर परत आत आला. वणवण करून आल्यासारखा त्याचा चेहरा दिसत होता. तो भिंतीशी टेकायला लागला तेव्हा वर्दाने निळी काच दारावर मांडली.

“तिथे नको. इकडे बसा. ही धरा.”

“थरथरतो म्हटलं ना.”

“धरा. कापायची मला आहे.”

तो बसला. दोन्ही तळवे पसरून त्याने काच कांबळ्यावर दाबली, आणि ती हलली नाही.