उलटा राहिलेला दगड

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एका आठ वर्षांच्या मुलीने जेवणाचं ताट पुढे सरकवलं आणि सांगितलं, की किनाऱ्यावरचा एक दगड तिच्याकडून उलटा राहिला आहे.

ऐकायला घरात फक्त तिचे वडील होते. फळांचा माल नेणारा थंड पेटीचा ट्रक ते चालवतात. पाच आठवडे बाहेर आणि सहा दिवस घरी, असा त्यांचा हिशेब. हा सहावा दिवस होता. मुलीची आई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि तिची रविवारची पाळी होती, म्हणून त्या दिवशी मुलीला फिरायला नेण्याचं काम वडिलांकडे आलं होतं. मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात.

“कुठला दगड?” वडिलांनी विचारलं.

“ज्याच्याखाली अंडी होती तो. मी ‘दार लावलं’ म्हणून ओरडले. पण लावलं नव्हतं.”

“असू दे गं. समुद्रात काय कमी दगड आहेत? जेव आधी.”

मुंगी जेवली नाही. रडलीही नाही. ताटाकडे बघत बसली. वडिलांना रडणं परवडलं असतं, निदान समजूत तरी घालता आली असती. गेले पाच दिवस ती त्यांच्याशी अशीच वागत होती, पाहुण्यांशी वागावं तशी. पाणी आणून द्यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. सकाळी किनाऱ्यावर मात्र तिने आपणहून त्यांचा हात धरून ओढलं होतं, “बाबा, हा उचला, हा!”

ही किनाऱ्यावरची फेरी महिन्यातून दोनदा निघते. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई ती चालवतात. मुलं त्यांना मागून खेकडेबाई म्हणतात आणि ते त्यांना ठाऊक आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर मुलांनी आणि पालकांनी जोडीने फिरायचं. दगड मोठ्या माणसाने उचलायचा, खाली कोण राहतं ते मुलाने बघायचं. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, शेवाळाची बाजू वर, ओली बाजू खाली. मग मुलाने ओरडायचं, “दार लावलं!” ते ऐकू आल्याशिवाय बाई पुढे सरकत नाहीत. दगड उलटा राहिला तर खालची वस्ती उन्हात मरते आणि वरचं शेवाळ अंधारात, हे त्या प्रत्येक फेरीत सांगतात.

त्या रविवारी अकरा मुलं होती. मुंगीच्या दगडाखाली बोटाएवढा तपकिरी मासा होता आणि दगडाच्या खालच्या बाजूला मोहरीहून बारीक पिवळी अंडी दाटीने चिकटवलेली होती. हा बाप आहे, बाई म्हणाल्या होत्या, अंडी फुटेपर्यंत जागचा हलत नाही. तेवढ्यात पलीकडे कुणाला तरी तारामासा सापडला आणि सगळे तिकडे धावले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी वडिलांनी बाईंना फोन लावला. मुंगीच्या समाधानासाठी लावला, असं त्यांनी नंतर सांगितलं.

“किती वाजता उचलला होता?” बाईंचा पहिला प्रश्न.

“नक्की नाही सांगता येणार.”

“फोटो काढत होतात ना तुम्ही? त्यावर वेळ असेल.”

फोटोवर आठ वाजून बावन्न मिनिटं होती. वडिलांनी तो मोठा करून पाहिला. मुलीच्या मागे काळ्या खडकाची उभी भेग आणि पायाशी तो दगड, पाठीवर पडलेला, फिकट ओली बाजू आभाळाकडे. दगड त्यांनीच उचलून तसा पाठीवर ठेवला होता. मग खिशातून फोन काढला, “इकडे बघ, हस” म्हणाले, फोटो बायकोला पाठवला आणि पुढे चालायला लागले. फोटोतली मुंगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. दगडाकडे बघत होती.

“तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही फोनवर होतात. बाई विचारत होत्या, सगळ्यांची दारं लागली का. सगळे ओरडले. म्हणून मीपण.”

अकरा बेचाळीसला दोघं स्कूटरवरून किनाऱ्यावर पोचले. सकाळी जिथे मुलं उड्या मारत होती तिथे कमरेइतकं पाणी होतं. पाठोपाठ बाई आल्या, घरातल्याच कपड्यांत, हातात छत्री, गळ्यात शिट्टी. वडिलांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात शिरले. चौथ्या पावलाला शिट्टी वाजली.

“कुठे निघालात?”

“भेग दिसतेय ना ती समोर.”

“खाली शेवाळ आहे. एक दगड उलटा आहे तेवढा पुरे, तुम्ही नका उलटे होऊ. मागे या.”

ते मागे आले. मुंगीने बाईंना विचारलं, अंडी मेली का.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “पाऊण तास ऊन लागलं असेल. नंतर पाणी आलं, ते बरं झालं. पण आता अंडी उघडी आहेत आणि खाणारे पुष्कळ.”

“आणि त्यांचे बाबा?”

“तेही माहीत नाही. गेला असेल किंवा आसपास असेल.”

रात्रीच्या ओहोटीला अंधारात खडकांवर जाता येत नाही; उजेडात तो दगड पुन्हा उघडा पडणार होता सोमवारी सव्वानऊला. वडिलांची गाडी सोमवारी सकाळी सातला निघणार होती. आईची पाळी साडेसातची. बाई म्हणाल्या, शेजारच्या कुणाला तरी सोबत नेते, दगड सरळ झाल्याशी मतलब.

“चालेल,” मुंगी म्हणाली. “तुम्ही जा बाबा. तुमचं काम आहे.”

हे तिने अगदी शहाण्यासारखं सांगितलं. वडिलांनी दुमडलेली पँट खाली सोडली. मग कठड्यापाशी जाऊन त्यांनी गोदामाच्या सुपरवायझरना फोन लावला. मुंगी मागोमाग येऊन शेजारी उभी राहिली.

“साहेब, उद्या दुपारी निघालो तर जमेल?”

“का? कोण आजारी आहे?”

एका शब्दात काम झालं असतं. मुलगी तोंडाकडे बघत होती.

“आजारी कुणी नाही. किनाऱ्यावर एक दगड उलटा राहिलाय.”

“काय राहिलंय?”

“दगड. माझ्याकडून राहिला. खाली माशाची अंडी होती. उद्या ओहोटी सव्वानऊशिवाय नाही.”

“डोकं ठिकाणावर आहे ना रे तुझं? कालपासून काही घेतलंबितलंस?”

“नाही साहेब. मुलगी जेवत नाहीये.”

“केवढी आहे?”

“आठ.”

“बारा वाजेपर्यंत माल थंड खोलीत राहील. बाराला गाडी गेटबाहेर हवी. एक मिनिट जरी वर झालं तरी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात, आणि पुढच्या फेऱ्याही त्याच्याच. आणि हे बघ, कारण कुणाला सांगत बसू नकोस. लोक मला हसतील.”

मुंगीने विचारलं, “तुमच्याकडून राहिला, असं का म्हणालात?”

“मीच ठेवला होता ना.”

“ओरडले मी.”

“मग दोघांकडून राहिला.”

तिने त्यावर विचार केला आणि मान हलवली. घरी येऊन थंड झालेलं ताट तिने अर्धं संपवलं.

साडेतीनला आई कामावरून आली आणि सगळं ऐकून आधी हसली. “धन्य आहे. सहा दिवसांसाठी येतोस, त्यातला अर्धा दिवस माझ्यासाठी कधी मागून घेतला नाहीस. दगडासाठी बरा मिळाला!” मग फोन उघडून तिने सकाळचा फोटो पुन्हा पाहिला. “ही हसत नाहीये यात.”

“हो. मीही आजच बघितलं.”

सोमवारी मुंगीची शाळा बुडली. नऊ वाजून पाच मिनिटांनी ती, वडील आणि बाई असे तिघं खडकांवर होते. फोटो समोर धरून वडिलांनी भेग शोधली. दगड तिथेच होता, पाठीवर पडलेला.

अंडी बरीच गेली होती. मधला मोठा पट्टा स्वच्छ झाला होता, कडेची काही पांढरी पडली होती. एका खोबणीत मात्र नखाएवढी पिवळी चकती शाबूत होती. बाईंनी भिंग मुंगीच्या हातात दिलं.

“काळे ठिपके दिसतात?”

“दोन-दोन आहेत.”

“डोळे ते.”

“म्हणजे जिवंत?”

“डोळे येईपर्यंत तर होती. आत्ता आहेत की नाहीत, भिंगातून नाही कळत गं.”

मासा दिसला नाही. बाजूच्या दोन खळग्यांत, भेगेत, सगळीकडे बघून झालं. एक खेकडा निघाला, त्याला मुंगीने हाताने हाकललं. मग एका बाजूने वडिलांनी आणि दुसऱ्या बाजूने तिने दगड धरला आणि हळूहळू सरळ केला. खालच्या पाण्यात तो नीट बसायला तीन वेळा उचलावा लागला.

“उद्या येऊन बघू या?” मुंगीने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “मासा परत आला असेल तर आपण दगड उचलला की पुन्हा पळेल. जगली तर चार-पाच दिवसांत अंडी फुटतील. नाही जगली तर नाही. उचलायचा नाही.”

“मग आपल्याला कळणार कसं?”

“नाही कळणार.”

मुंगीने वडिलांकडे पाहिलं. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी पाणी दगडावर चढलं, तोवर दोघं तिथेच उकिडवे बसून होते. अकरा पंचावन्नला फळांचा ट्रक गोदामाच्या गेटबाहेर पडला.

बुधवारी संध्याकाळी वडिलांनी वाटेतल्या एका पंपावरून घरी फोन केला. मासा परतला असेल का, मुंगीने विचारलं. बाईंना विचारलंस का, वडिलांनी उलट विचारलं. तिने विचारलं होतं. बाईंनाही माहीत नव्हतं. दगड अजून कुणी उचललेला नाही.