अंड्याच्या कोपऱ्यातला तवा

जुना आहे मी, मित्रांनो. लोखंडाचा आहे आणि तवा आहे. यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मग आमच्या घरी भांड्यांची पार्टी ठरली आणि ते मला शिकवण्यात आलं. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा जसं झालं तसं सांगतो.

एका कारखान्यात पाण्याच्या मोठ्या टाक्या बनत. टाकीसाठी जाड पत्रा कापला की कडेचे तुकडे उरत. तशाच एका तुकड्यातून कारागिराने मला गोल कापलं, तापवलं, ठोकून जरासं खोलगट केलं आणि दांडा बसवला. म्हणजे जन्मापासूनच मी उरलेला माल. कारागिराने मला उचलून उजेडात धरलं, बोटाने टिचकी मारली आणि बाजूला ठेवलं. कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मला विकत घेणारी बाई तेव्हा नुकतं लग्न होऊन भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. आज ती घरात सासू आहे. तिचा नवरा छापखान्यात रात्रपाळी करायचा. सकाळी शाई लागलेल्या हातांनी घरी यायचा आणि त्याला अंडी लागायची. सुरुवातीला मी अंडं नुसतं धरून ठेवायचो. ती खरवडून खरवडून रडकुंडीला यायची. पण तिने मला टाकलं नाही. तापवायचं, तेलाचं बोट फिरवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, टांगायचं. साबण नाही, तारेची घासणी नाही. असं करता करता माझ्या अंगावर काळा थर चढला. मित्रांनो, त्या थराला मळ समजू नका. तेल तापून तापून लोखंडात मुरलं की तो तयार होतो. तुम्ही वर्षानुवर्षं पाढे म्हणता ना, तसं माझं ते पाठांतर होतं. पुढे अंडं टाकलं की ते माझ्यावर बर्फावरून घसरावं तसं घसरायला लागलं.

शेजारणी मला उसना मागायच्या. ती म्हणायची, "हवं तर माझा नवरा न्या दोन दिवस. तवा मिळणार नाही." नवरा आतून ओरडायचा, "जेवण देणार असतील तर मी तयार आहे." तो वारल्यावर तिने तो विनोद पुन्हा केला नाही. तवा मात्र तरीही कुणाला दिला नाही.

मुलाचं लग्न झालं, सून आली. मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतो. सून खेळण्यांच्या दुकानात कामाला होती. ते दुकान बंद पडलं. मग ती कामासाठी बरीच वणवणली. दारातून आत आली की आधी पाणी प्यायची आणि मग सासूने काही विचारू नये म्हणून लगेच केर काढायला घ्यायची. शेवटी भांडी विकणाऱ्या एका कंपनीने तिला घेतलं. कंपनीच्या मॅडम नमुन्याच्या भांड्यांच्या दोन पिशव्या घेऊन आल्या. अट साधी होती. घरी बायका बोलवायच्या, भांडी वापरून दाखवायची, मागणी मिळवायची. पहिल्या पार्टीत मागणी आली नाही, तर पिशव्या परत जाणार आणि दुसऱ्या कुणाला मिळणार.

त्या दिवसापासून सुनेची झोप उडाली, आणि तिचं पाहून माझीही.

मॅडमचा एक नियम होता. "नुसतं बोलून कोणी काही घेत नाही. त्यांच्या हातात द्यायचं. कोपरे कर. एका कोपऱ्यात चिरू देत, दुसऱ्यात डबे हाताळू देत, तिसऱ्यात अंडी करू देत. हात गुंतला की मन गुंततं."

सून कोपरे आखायला बसली. घर केवढं, तर बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, मध्ये एक अरुंद दार. चिरायचा कोपरा खिडकीशी ठेवला तर पडदा उडून सुरीखाली येतोय. भिंतीशी ठेवला तर उजेड नाही. डब्यांच्या कोपऱ्यात प्रत्येकीने डब्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि डबा स्वतःच्या मांडीवर उलटा धरायचा. एखादं झाकण नीट बसलं नाही तर? सुनेने घरातले सगळे डबे स्वतःच्या मांडीवर उलटे करून पाहिले आणि दुपारभर ओल्या कपड्यांत बसली. शेवटचा, अंड्याचा कोपरा गॅसपाशी. तिथे सगळ्या एकदम आल्या तर दारात कोंडी होणार.

म्हणून तिने टेबलावर कप मांडले. एकेक कप म्हणजे गल्लीतली एकेक पाहुणी. ती कप इकडून तिकडे सरकवायची, दारापाशी अडकले की कपाळाला हात लावायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. सासू आली आणि त्यातला एक कप उचलून चहा ओतायला लागली.

"आई, त्या बेकरीवाल्या ताई आहेत."

"असू देत. चहा झाला की परत ठेवते त्यांना."

"आणि तुम्ही सांडशीशेजारी ठेवला होता तो कप कुठाय?"

"नर्सबाईंचा? त्यांचा कान तुटलाय. तशाही त्या कुणाचं ऐकत नाहीत."

सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मी भिंतीवरून बघत होतो. मला वाटलं, होईल सगळं नीट.

मग सासू दात दाखवायला डॉक्टरकडे गेली असताना मॅडम तालीम घ्यायला आल्या. सुऱ्या पाहिल्या, डबे पाहिले, ठीक म्हणाल्या. अंड्याच्या कोपऱ्यात एका शेगडीवर त्यांनी नवा चकचकीत तवा ठेवला आणि म्हणाल्या, "आता घरातला जुना दे. दोन्ही शेजारी शेजारी हवेत. बायका आधी जुन्यावर अंडं फोडतील, ते चिकटेल. मग नव्यावर फोडतील. पुढे तुला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही."

मला खुंटीवरून काढलं. अंडं नीट सुटलं तर सुनेचं काम जाणार. अडकलं तर माझी आयुष्यभराची अब्रू जाणार. आणि माझ्या हातात काय होतं? तव्याला कोण विचारतं?

मॅडमनी अंडं फोडलं. ते सुटलं. नुसतं सुटलं नाही, दांडा जरा कलता झाला तसं घसरत कडेला आलं आणि पिवळं न फुटता थांबलं. नव्या तव्यावरच्या अंड्यानेही तेच केलं. दोन्ही अंडी एकमेकांकडे बघत बसली.

"हा चालणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"दुसरा जुना तवा नाही घरात."

"मग याला जुना कर. सोडा घाल, तारेच्या घासणीने घास. खालचं लोखंड दिसेपर्यंत."

"आईंचा आहे हो तो."

"अगं, पिशव्या कंपनीच्या आहेत. मला पुढच्या गल्लीत द्यायला कितीही जणी आहेत."

मॅडम गेल्या. सून मला घेऊन मोरीपाशी उभी राहिली. बराच वेळ नळ वाहत होता. मग ती खाली बसली आणि घासायला लागली. तिने मनापासून घासलं, कामसू आहे ती. माझं पाठांतर काळं पाणी होऊन जाळीतून खाली गेलं. ज्यांना नवं विकायचं असतं, मित्रांनो, ते जुनं खराब होण्याची वाट बघत नाहीत. ते स्वतःच त्याला खराब करून आणतात आणि वर तुम्हालाच विचारतात, अजून असलं वापरता? तिने मला पुसलं आणि सासूची नजर पडू नये म्हणून घासलेली बाजू भिंतीकडे करून टांगलं.

दुसऱ्या दिवशी, पार्टीच्या दुपारी बायका आल्या. पडदा बांधून ठेवला होता, तो उडाला नाही. कुणाचं बोट कापलं नाही. डबे उलटे झाले, पण मांड्या कोरड्या राहिल्या. कप टेबलावर जसे सरकले होते तशाच पाहुण्या सरकत सरकत अंड्याच्या कोपऱ्यात आल्या. मॅडम दारात उभ्या होत्या. सुनेचा पदर तिच्याच मुठीत चुरगळत होता.

नर्सबाईंनी माझ्यावर अंडं फोडलं. मी धरून ठेवलं. दुसरं काही करता येत नव्हतं. कडा जळाल्या, पिवळं फुटलं, वास सुटला. बायका हसल्या.

"काकू," बेकरीवाल्या ताई बाहेरच्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "या तव्यापायी नवरा द्यायला निघाला होतात? तोटा झाला असता की तुमचा."

सासू खुर्चीवरून उठून आत आली. नर्सबाईंच्या हातातलं उलथनं घेतलं आणि मला खरवडलं. अंड्याखालून माझं घासलेलं अंग दिसलं, राखाडी, ओरखड्यांनी भरलेलं. तिचा हात थांबला. तिला सगळं कळलं. कुणी केलं तेही कळलं आणि का केलं तेही.

तिने एक शब्द बोलायचा अवकाश होता. सून जमिनीकडे बघत होती. मॅडम सासूकडे बघत होत्या.

"वय झालं त्याचं," सासू म्हणाली. "माझंही झालंय. मला कुणी गॅसवर ठेवत नाही म्हणून दिसून येत नाही."

बायका खळखळून हसल्या. मग त्यांनी नव्या तव्यावर अंडी केली आणि मागणी नोंदवली. जवळजवळ सगळ्यांनी.

घर रिकामं झाल्यावर सून म्हणाली, "आई, मॅडमनी सांगितलं म्हणून..."

"मॅडमनी सांगितलं ते ठीक. मला का नाही विचारलंस?"

सून टेबलावरचे कप गोळा करायला लागली.

"मी नाही म्हणाले असते, म्हणून. काम राहिलं ना तुझं?"

"राहिलं."

"मग झालं."

आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, इतकं ते "मग झालं" थंड होतं. दुसऱ्या दिवशी सासूने मला तापवलं, तेलाचं बोट फिरवलं, पुसलं. त्यानंतर रोज. तिचं बोट आता थरथरतं. मी अजूनही अंडं धरतो, पण कडा सोडायला लागलोय. तो थर पूर्वीसारखा होईतो ती असेल का, हा विचार मी करत नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल.

पुढची पार्टी बेकरीवाल्या ताईंच्या घरी ठरली. मॅडमचा फोन आला, तोच तवा आण.

"तो येणार नाही," सून म्हणाली.

"मग अंड्याच्या कोपऱ्यात काय ठेवणार? तो कोपरा नसेल तर पार्टीच नको."

सून भंगारवाल्याकडे गेली आणि दुसरा तवा घेऊन आली. माझ्यापेक्षा थोरला, जाड, काळाभोर. इतका गुळगुळीत थर मी माझ्या अंगावरही कधी पाहिला नव्हता. कुणीतरी जन्मभर सांभाळलेला असणार तो. ते माणूस गेलं असेल, आणि मागे राहिलेल्यांना तो नुसता कळकट दिसला असेल. सून त्याला घेऊन मोरीत बसली. सासू दारात आली, घासणी चाललेली बघितली आणि आत निघून गेली. स्वतःचा तवा वाचला की माणसाचा राग निवतो. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला ओलं ठेवू नका. कोरडं पुसा, तेलाचं बोट लावा, आणि त्याने काळं होण्यासाठी किती वर्षं घालवली ते कुणाला तरी विचारून ठेवा. आणि कुणी तुमच्यासमोर एक चकचकीत आणि एक कळकट अशी दोन भांडी मांडली, आणि हात लावून बघा म्हणाले, तर हात लावण्याआधी विचारा, या जुन्याला इथे आणण्यापूर्वी तुम्ही त्याचं काय केलंत? उत्तर मिळेपर्यंत हलू नका.

तो थोरला तवा माझ्या शेजारच्या खुंटीवर नसतो. तो पिशवीत असतो. परत येतो तेव्हा अंगावर वाळलेलं अंडं असतं आणि कडेला गंज. त्याला तेल कुणी लावत नाही, कारण तो खराब राहण्यातच सगळ्यांचं भलं आहे. आज दुपारी पुन्हा पार्टी आहे. मोरीत नळ सुटलाय, आणि त्याच्या अंगावर तारेची घासणी पुन्हा सुरू झाली आहे.