बॅगेत चालू राहिलेला रेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहातावर मावेन एवढा, काळा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. आजकाल मोबाइल सगळंच करतो, त्यामुळे मला पाहिलं की मुलं विचारतात, "हे काय आहे?" काय आहे म्हणजे! अरे, एके काळी माझ्यापुढे बोलताना भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडायची. पण ते राहू दे. मी आज मोठेपणा सांगायला बसलेलो नाही. माझा विश्वासघात झालाय, आणि तो मुकाट्याने गिळायला मी काही दगड नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती आमच्यातल्या प्रत्येकाला तोंडाशी धरून विचारायची, "ऐकू येतंय का?" आणि मग स्वतःचाच प्रश्न आमच्याकडून परत ऐकायची. नीट ऐकू आला की खोक्यात, नाही आला की टोपलीत. मी खोक्यात गेलो. तेव्हा वाटलं होतं, नशीब काढलं.

माझी नेमणूक एका विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात झाली. लांबट खोली, भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं आणि चालू केला की कुरकुरणारा एक पंखा. तिथे मॅडम होत्या, पीएचडी करणाऱ्यांच्या मार्गदर्शक. गुडघे दुखायचे म्हणून त्या बसूनच शिकवायच्या, पण बसल्या जागेवरून सगळ्या वर्गाला घाम फोडायच्या.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "तुम्हाला पीएचडी कशाला हवी आहे?" एकजण म्हणाला, बढतीसाठी. एकीने खरं तेच सांगून टाकलं, "सासरे म्हणाले, कर." सगळे हसले. मॅडमसुद्धा हसल्या, आणि मग म्हणाल्या, "आपल्या विषयात नवं ज्ञान तयार करायचं म्हणजे ते कोणाच्या तरी दुःखातूनच येणार. तुमच्या लिहिण्याने ते दुःख तसूभर तरी हललं पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर लोकांच्या दारात जाऊन त्यांचा वेळ खाऊ नका." पहिल्या बाकावर बसलेल्या एका बाईचे डोळे हे ऐकून भरून आले. मॅडमनी मला तिच्याच हाती सोपवलं. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो. अजून म्हणतो, काय करणार? जिभेला लागलेली सवय लवकर जात नाही.

ताई आधी कित्येक वर्षं मुलांच्या हेल्पलाइनवर काम करत होती. प्रत्यक्ष कामाचा अनुभव असल्याशिवाय आमच्या विभागात पीएचडीला घेतच नसत. पण आत आलं की झालं, असंही नव्हतं. आधी अभ्यासक्रमाचे पेपर, मग पात्रता परीक्षा, मग विषयाचा आराखडा. तो आराखडा नीतिसमितीपुढे, म्हणजे संशोधनात कोणावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्यांपुढे ठेवायचा, तिथे सगळ्यांनी मिळून त्याचा कीस पाडायचा. ताई या सगळ्यातून पार पडली. आराखडा मंजूर झाला त्या दिवशी तिने मला रुमालाने पुसलं आणि म्हणाली, "चला रे, आता तुझं काम." मी किती हुरळलो होतो, काय सांगू!

आमच्या विभागाची एक पद्धत होती, आणि तिचा मला अभिमान होता. मुलाखत घेताना मला संशोधकाजवळ ठेवायचं नाही. बोलणाऱ्याच्या हाताशी ठेवायचं. बंद करायचं बटण आधी त्याला दाखवायचं आणि सांगायचं, "तुम्हाला वाटेल तेव्हा हे दाबा. का दाबलं, असं आम्ही विचारणार नाही." माझा लाल दिवा विझला की मी बहिरा. ताईने हे आपल्या हाताने नीतिसमितीच्या अर्जात लिहून दिलं होतं. आणखी एक गोष्ट लिहिली होती. पदवी मिळाली की सगळ्या मुलाखती पुसून टाकायच्या, म्हणजे कोणाचं बोलणं नको त्या हाती पडायला नको.

ताईचा विषय होता, पोटची मुलं बालगृहात ठेवावी लागलेल्या आया. मी त्यांच्या खोल्याखोल्यांतून फिरलो. एका आजीने तर बोलणं संपल्यावर मलाच विचारलं, "दमलास का रे बाबा?" माझी अशी विचारपूस कोणी कधी केली नव्हती. त्या बायका रडायच्या, हसायच्या, मधूनच बटण दाबायच्या, नाक पुसायच्या आणि पुन्हा चालू करायच्या. मला वाटायचं, आपल्यावर केवढा हा विश्वास.

त्यातलीच एक लाँड्रीवाली. मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची. तिच्या हातांना कायम ओल्या कापडाचा वास यायचा. तिची मुलगी बालगृहात होती. नाव काही का असेना, आई तिला टिल्ली म्हणायची. टिल्लीला घरी पाठवायचं की नाही, हे एक समिती ठरवणार होती, आणि त्या सुनावणीकडे ही डोळे लावून बसली होती. तिने खोलीत टिल्लीसाठी वेगळी गादीसुद्धा आणून ठेवली होती. ती अजून प्लास्टिकच्या कव्हरातच होती. "आल्यावर तीच फाडेल," असं म्हणायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ताईचं मुख्य प्रकरण मॅडमकडून परत आलं. मॅडमनी म्हटलं, "मेहनत दिसते, पण यात नवं काय? हे सगळं आम्हाला ठाऊकच होतं." नवं काही सापडल्याशिवाय प्रबंध मंजूर होत नाही, मित्रांनो. हीच तर खरी अट. आणि ताईची मुदत संपत आली होती. त्या दिवसांत ती मला चार्ज करायलासुद्धा विसरायची.

विभागात एक फार जुना विद्यार्थी होता. इतक्या वर्षांचा जुना, की सगळे त्याला आजोबा म्हणायचे. तो चहाचा कप फुंकत ताईला म्हणाला, "अगं वेडे, बटण बंद झालं की मगच माणसं खरं बोलतात. सगळं सोनं तिथेच असतं." ताई म्हणाली, "शी, काहीतरीच." पण ती "शी" मला जरा पातळच वाटली.

पुढच्या भेटीत लाँड्रीवाली थोडं बोलली आणि तिने बटण दाबलं. ताईने मला उचलून बॅगेत टाकलं. आणि मित्रांनो, बॅगेत हात घालून मला पुन्हा चालू केलं. किल्ल्या आणि कंगवा यांच्यामध्ये मी उताणा पडलो होतो. माझा दिवा लागलेला फक्त मलाच दिसत होता.

बाहेर लाँड्रीवालीने विचारलं, "ताई, बंद आहे ना?"

"हो गं, बंद आहे. बोल."

मला ओरडावंसं वाटलं, बाई, मी चालू आहे! पण आम्हाला आलेलं बोलणं साठवता येतं, स्वतःचं एक अक्षर उच्चारता येत नाही. असला जन्म वैऱ्यालाही नको.

ती बोलली. टिल्लीला सांभाळणारी शेजारीण खोली सोडून गेली, तेव्हा काही दिवस ती लेकीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कामाला जायची. खिडकीच्या गजाला तिने एक आरसा तिरका बांधला होता, म्हणजे आई गल्लीच्या तोंडाशी आली की टिल्लीला आतूनच दिसायची. एक दिवस टिल्लीने एकटीने पाणी तापवायला ठेवलं आणि तिचा हात भाजला. समितीला आईने सांगितलं होतं, मी घरातच होते, चुकून सांडलं. "खरं सांगितलं तर देतील का मला ती परत?" असं म्हणून ती रडली. मग नाक ओढून म्हणाली, "त्याच संध्याकाळी ठरवलं, आता पुन्हा कुलूप नाही. दुसऱ्या दिवशी मीच तिला बालगृहात नेलं. कोणी ओढून नेली नाही तिला. कोंडण्यापेक्षा ते बरं, म्हणून मीच नेऊन ठेवली. आता सकाळची पाळी मागून घेतलीये. शाळा सुटेल तेव्हा मी घरात असेन."

हे दोन्ही माझ्या पोटात होतं, कुलूपही आणि नंतरचं सगळंही. ताईने प्रबंधात काय घेतलं? कुलूप, आरसा आणि भाजलेला हात. नंतरचं गाळलं. तिच्या मुद्द्यात ते बसत नव्हतं म्हणे! नाव बदललं, लाँड्रीच्या जागी खानावळ लिहिली, आणि झालं. मॅडमनी ते प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "आता आलं बघ काहीतरी." हे तुला कुठे मिळालं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्यावरही माझा राग आहे, तो का लपवू?

मग खुली मौखिक परीक्षा झाली. खुली म्हणजे कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावेत. ताईने टिल्लीच्या बालगृहाच्या अधीक्षक बाईंनाही आमंत्रण दिलं होतं, त्यांनी आयांना भेटायची परवानगी दिली म्हणून आभार मानायला. मी ताईच्या कागदांवर दाब म्हणून ठेवलेला होतो. ताईने आरशाचा प्रसंग वाचला. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावत म्हणाले, "विलक्षण!" आणि दुसऱ्या रांगेत अधीक्षक बाईंचं लिहिणं थांबलं. मला ते समोरच दिसत होतं. का, ते मला नंतर कळलं. बालगृहात टिल्लीने आपल्या पलंगाजवळच्या खिडकीला एक छोटा आरसा बांधून ठेवला होता. बाई तो रोज बघायच्या, पण का बांधलाय हे त्यांना कधी कळलं नव्हतं. ते त्या दिवशी कळलं.

ताईला पदवी मिळाली. टाळ्या, फुलं, फोटो. पुढे थोड्याच दिवसांत सुनावणी झाली, अधीक्षक बाईंनी प्रबंधातला आरशाचा प्रसंग समितीपुढे ठेवला आणि समितीने टिल्लीला घरी पाठवायला नकार दिला. कारण लिहिलं, आईने माहिती लपवली.

लाँड्रीवाली विभागात आली. कामावरून तशीच आली होती, केस चिकटलेले. ताई उभी राहिली. बस म्हणायचंही तिला सुचलं नाही.

"बंद आहे म्हणालात," लाँड्रीवाली म्हणाली.

"मी तुझं नाव कुठेही घातलेलं नाही गं. शपथेवर सांगते."

"नावाचं काय घेऊन बसलात, ताई? खिडकीला आरसा बांधणारी दुसरी कोण आहे? आणि मीच तिला बालगृहात नेलं, तेही सांगितलं होतं ना? ते का गाळलंत?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडम पलीकडच्या टेबलावर होत्या. गुडघ्यांवर हात देत त्या उठल्या आणि इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "चोरून घेतलंस?" मॅडम म्हणाल्या, "टिल्लीच्या समितीकडे जा. न विचारता घेतलं म्हणून लेखी दे, आणि त्यांना सगळं बोलणं ऐकव, पुढचंही. ती स्वतः मुलीला बालगृहात घेऊन गेली होती, हे त्यांच्या कानावर पडू दे. पदवी गेली तर गेली." ताई म्हणाली, "हो मॅडम. उद्याच जाते." लाँड्रीवालीने तिचे हात धरले. एवढं होऊनही धरले! म्हणाली, "तेवढं करा, ताई. मी सगळं विसरेन."

मी तर आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. मला वाटलं, आता माझं चीज होणार. ज्या पोटातून चोरी बाहेर पडली, त्याच पोटातून टिल्लीची सुटकाही बाहेर पडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई विभागात लवकर आली. कोणीच आलेलं नव्हतं. तिने मला हातात घेतलं. तिने नीतिसमितीचा तो अर्ज समोर ठेवला, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, स्वतःशीच वाचली, "पदवीनंतर सर्व मुलाखती पुसून टाकण्यात येतील." आणि मला पुसलं. त्या आजीचं "दमलास का रे बाबा" गेलं. सगळ्या आया गेल्या. लाँड्रीवालीही गेली. ज्या नियमाने त्या बायकांचं रक्षण व्हायचं, त्याच्या आड ही लपली. मित्रांनो, बॅगेत मला चालू केलं तेव्हा मी ताईला अर्धी माफी दिली होती. मुदत डोक्यावर होती, माणूस घसरतो, असं म्हणालो होतो. पण हे? हे तिने शांत डोक्याने केलं.

मॅडम समितीकडे एकट्या गेल्या. त्यांना सांगण्यात आलं, ऐकीव गोष्ट चालत नाही, काही ध्वनिमुद्रण असेल तर आणा.

म्हणून लाँड्रीवाली पुन्हा आली. ती सरळ मॅडमपाशी गेली. मॅडमना म्हणाली, "ते यंत्र द्या. माझंच बोलणं आहे ना त्यात? मीच ऐकवते त्यांना." ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते नियमाप्रमाणे पुसलंय. तुमच्याच सुरक्षिततेसाठी." लाँड्रीवालीला ते पटलं नाही की कळलं नाही, कोण जाणे. तिने मला टेबलावरून उचललं, बटण दाबलं आणि कानाशी धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. मी तिला काहीच देऊ शकलो नाही.

ताई आता दुसऱ्या विद्यापीठात शिकवते, असं कानावर आलं. काय शिकवत असेल ते तिचं तिला ठाऊक. मी इथेच आहे. हल्ली एक नवी विद्यार्थिनी मला घेऊन फिरायचं म्हणते, चांगली वाटते. पण चांगली तर ताईसुद्धा होती.

मित्रांनो, मला जपा, मला धूळ लागू देऊ नका, असलं काही मी मागणार नाही. मी प्लास्टिकचा, मला काय व्हायचंय? तुम्ही मोठे झालात आणि कोणाचं दुःख ऐकायला त्याच्या घरी गेलात, तर एवढं करा. ते त्याचं आहे, हे विसरू नका. घेताना त्याला विचारा, लिहिताना विचारा, आणि पुसतानासुद्धा त्यालाच विचारा.

टिल्ली अजून बालगृहातच आहे. गादीचं कव्हर अजून फाडलेलं नाही, असं तिची आई परवा मॅडमना सांगत होती.